असेल तर, नसेल तरी

वन्संना गणितात नापास करणारा माणूस काही वाईट नव्हता. त्याला कंस मोठ्याने वाचायची सवय नव्हती, इतकंच.

गोष्ट जुनी आहे. वन्सं जन्मापासून दृष्टिहीन. शाळेच्या शेवटच्या परीक्षेला त्यांच्या शेजारी एक लेखनिक बसवला होता. त्याने प्रश्न वाचायचा, त्यांनी उत्तर सांगायचं, त्याने ते लिहायचं. तो भला माणूस 'क्ष अधिक तीन गुणिले दोन' असं सरळ वाचत गेला. पेपरात क्ष अधिक तीन कंसात होतं. वन्संनी जे ऐकलं ते अगदी बिनचूक सोडवलं, आणि ते सगळं चुकलं. बाकीच्या विषयांत वर्गात पुढे असलेली मुलगी गणितात सपशेल आपटली. पुढे घरच्यांनी पुन्हा बसायचा आग्रह कितीदा धरला, पण त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. दुसऱ्याच्या तोंडाने जेवता येत नाही, तसं दुसऱ्याच्या तोंडाने गणितही सोडवता येत नाही. पेपर माझ्या बोटांखाली येईल तेव्हा बघू.

पेपर काही बोटांखाली आला नाही. वन्सं मात्र एका ब्रेल छापखान्यात प्रूफं तपासायला लागल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्या, एकीत कागदाची थप्पी आणि दुसरीत जाड कागदावर ठिपके उठवणारं यंत्र. ते यंत्र सुरू झालं की शेजारच्या दुकानातले स्पॅनर खिळ्यावर थरथरायचे. वन्संची बोटं छापलेल्या पानावरून अशी सरकायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई पानावरची धूळ झटकतायत. मग मध्येच एक बोट थांबायचं. जिथे थांबलं तिथे चूक सापडलीच म्हणून समजा.

वहिनी त्याच छापखान्यात संगणकाचं काम बघायची. ती वन्संच्या थोरल्या भावाची बायको, वयाने लहान आणि नात्याने मोठी. लग्न ठरलं तेव्हा तिने थट्टेने जुन्या बायकांसारखं 'वन्सं' म्हणून हाक मारली आणि ती हाक चिकटली ती चिकटलीच. छापखान्यात तिचं ऐकून ऐकून टेम्पोवाल्यापासून व्यवस्थापकांपर्यंत सगळेच त्यांना वन्सं म्हणू लागले. व्यवस्थापक वन्संच्या वडिलांच्या वयाचे. "वन्सं, जरा हे पान बघता का," असं ते म्हणाले की नवं गिऱ्हाईक दोघांकडे आळीपाळीने बघत राहायचं.

छापखान्याचा सगळा गाडा वहिनीने लिहिलेल्या एका स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या सूचनांवर, चालायचा. साधा मजकूर तिच्यात घालायचा, ती त्याची ब्रेल लिपी करायची, पानं पाडायची आणि यंत्राकडे धाडायची. सुरुवातीला स्क्रिप्ट लहान होती. मग वहिनी तिला एकेक मॉड्यूल जोडत गेली. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार तुकडा, जो बोलावला की आपलं काम हलकं होतं. ओळ कुठे तोडावी हे ठरवणारं एक मॉड्यूल, आकृत्यांच्या रेषा ठिपक्यांत काढणारं दुसरं, गणिताच्या खुणा ओळखणारं तिसरं. शिवाय काम संपलं की घंटी वाजवणारंही एक होतं, कारण व्यवस्थापकांना दुपारी डुलकी लागायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एके दिवशी व्यवस्थापक परीक्षा मंडळातून परत आले ते धापा टाकतच. मंडळाने ठरवलं होतं की या वर्षी दृष्टिहीन परीक्षार्थींना लेखनिकाशिवाय, स्वतःचा ब्रेल पेपर द्यायचा. इतर सगळ्यांबरोबर, त्याच वेळी. पेपर आधी छापला तर फुटायची भीती, म्हणून तो परीक्षेच्या सकाळी केंद्रातच, अधिकाऱ्यांसमोर छापायचा. काम आपल्या छापखान्याच्या स्क्रिप्टने करून बघायचं होतं. जमलं तर पुढच्या वर्षीपासून सगळीकडे, नाही जमलं तर पुन्हा लेखनिक.

वन्संनी हातातलं पान खाली ठेवलं. कोणत्या विषयांचे पेपर, असं त्यांनी विचारलं. सगळ्याच विषयांचे, व्यवस्थापक म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी वन्सं परीक्षेचा अर्ज भरून आल्या आणि मगच घरी सांगितलं.

दादा, म्हणजे वन्संचा भाऊ आणि वहिनीचा नवरा, शहर बसचा ड्रायव्हर होता. त्याने ताटावरून मान वर केली आणि बहिणीला सांगून टाकलं की आता माघार घेतलीस तर तुला रोज माझ्या बसमध्ये उभं करून नेईन. वहिनी वाढता वाढता मनाशी हिशेब करत होती. आजवर स्क्रिप्ट चुकली तर एखादं पान वाया जायचं. आता तिच्या भरवशावर घरचंच माणूस परीक्षेला बसणार होतं.

तरी परीक्षेआधी केंद्रात स्क्रिप्टची चाचणी झाली त्या दिवशी ती निर्धास्त गेली होती हे विशेष. परीक्षा केंद्रात एका खोलीत छपाईयंत्र आणलेलं होतं आणि शेजारी एक संगणक. केंद्राच्या अधीक्षकबाईंनी नियम समजावले. संगणक इंटरनेटला जोडायचा नाही. त्याच्यावर नवं काहीही बसवायचं नाही. बाहेरून एकच फाईल आणायची, ती मंडळाचा माणूस उघडून ओळ न् ओळ वाचणार आणि मगच चालवणार. बाई शांत होत्या, तोलून बोलायच्या, आणि हो म्हणाल्या की हो, नाही म्हणाल्या की नाही.

वहिनीने फाईल दिली. ती तपासली गेली, चालवली गेली आणि पहिल्याच ओळीवर मेली. पडद्यावर एक वाक्य आलं, अमुक नावाचं मॉड्यूल सापडत नाही. अधीक्षकबाईंनी विचारलं, हे मॉड्यूल काय करतं. वहिनीला उत्तर देताना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण ते घंटी वाजवणारं मॉड्यूल होतं.

"म्हणजे घंटी नाही म्हणून पेपर नाही," अधीक्षकबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, त्यांनी सांगितलं. तेव्हा चाललं नाही तर मला लेखनिकांची व्यवस्था करावी लागेल.

घरी आल्यावर दादाने सरळ उपाय सुचवला, सगळी मॉड्यूलं बरोबर घेऊन जा. एकच फाईल न्यायची, हा नियम वहिनीने त्याला सांगितला. मग नियम बदलून घे, तो म्हणाला. वन्सं भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या की नियम बरोबर आहे, पेपर फुटला तर आम्हालाच पुन्हा परीक्षेला बसवतील. आणि मग वहिनीकडे तोंड करून म्हणाल्या, "कोथिंबीर संपली म्हणून आपण कधी उपाशी झोपलोय का? तुझी स्क्रिप्ट झोपते."

वहिनीला हसू आलं आणि उपायही सापडला. तोवर तिची स्क्रिप्ट सुरू होतानाच सगळ्यांची हजेरी घ्यायची आणि एक जरी गैरहजर असला तरी वर्ग सोडून द्यायची. आता तिने तसं ठेवलं नाही. मॉड्यूल मागून बघायचं, असेल तर घ्यायचं, नसेल तर तिथेच न अडता पुढे जायचं. जिथे जिथे एखादं मॉड्यूल वापरलं होतं तिथे तिने ही पळवाट करून ठेवली. छापखान्यातला एक जुना संगणक तिने पुसून कोरा केला, केंद्रातल्यासारखा अगदी उघडाबोडका, आणि त्याच्यावर स्क्रिप्ट चालवली. यंत्र धडधडायला लागलं. पानं बाहेर पडायला लागली. व्यवस्थापकांनी शेजारच्या दुकानातून सगळ्यांना चहा मागवला.

छापलेला होता एक जुना गणिताचा पेपर. वन्संनी पानं घेतली, खुर्ची खिडकीशी ओढली आणि ब्रेलर पुढ्यात घेतला. ब्रेलर म्हणजे सहा कळांचं त्यांचं टंकयंत्र. त्या पेपर सोडवायलाच बसल्या. बराच वेळ कळांचा आवाज येत राहिला. चहा निवला. मग आवाज थांबला. वहिनीने वळून बघितलं तर वन्संचं बोट एका ओळीवर होतं, पुढे जात होतं, पुन्हा मागे येत होतं.

"या गणितात कंस होता का गं?" त्यांनी विचारलं.

वहिनीने मूळ पेपर बघितला. होता. पानावर नव्हता. खालच्या प्रश्नातलं वर्गमूळही नव्हतं. गणिताच्या खुणा ओळखणारं मॉड्यूल कोऱ्या संगणकावर नव्हतं, आणि नसेल तर पुढे जा, असं वहिनीनेच स्क्रिप्टला शिकवलं होतं. स्क्रिप्ट आज्ञाधारकपणे पुढे गेली होती. जी खूण ओळखता आली नाही ती गाळून, ओळ नीट जुळवून, पान सुबक छापून मोकळी झाली होती. पानाकडे बघून कुणाला शंकाही आली नसती.

वन्सं रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर वहिनीला सोपं गेलं असतं. त्यांनी पानं एकावर एक रचली, कडा जुळवल्या.

"तो लेखनिक निदान शेजारी बसून चुकीचं वाचत होता," त्या म्हणाल्या. "त्याला थांबवून विचारता तरी आलं असतं. हिने चुकीचं छापलं आणि गप्प बसली. हिला मी काय विचारू?"

वहिनी जागेवरून उठली, सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत गेली, तिथे उगाच उभी राहिली आणि परत आली. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तो स्वतःच्या सकाळच्या आनंदावर होता. स्क्रिप्ट पडली नाही, एवढ्यावर ती खूश झाली होती. पडणं परवडलं असतं. न पडता खोटं बोलणं कसं परवडणार?

परत येऊन तिने वन्संसमोर खुर्ची मांडली. म्हणाली की आता प्रत्येक मॉड्यूल घेऊ आणि ठरवू, याच्यावाचून अडतं का आणि अडलं तर कुणाचं. घंटीवाचून कुणाचंच अडत नव्हतं, ती गेली तर जाऊ दे. ओळ तोडणारं मॉड्यूल नसलं तर? वन्सं म्हणाल्या की ओळ शब्दाच्या शेवटी तुटली म्हणजे झालं, पान थोडं ओबडधोबड दिसेल, पण मला कुठे ते भिंतीवर टांगायचंय. आणि गणिताच्या खुणा? त्यावर दोघी एकदमच बोलल्या. त्यांच्यावाचून चालणारच नाही.

ज्याच्यावाचून चालत नाही ते दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायचं नाही, असं वहिनीने ठरवलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोघी घरी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. वन्संनी एकेक खूण सांगायची, कोणते ठिपके उठलेले आणि कोणते सपाट, आणि वहिनीने ती स्क्रिप्टच्या पोटातच लिहून टाकायची. उघडता कंस, बंद होणारा कंस, चौकोनी कंस, वर्गमूळ, घातांक. दादा मध्ये मध्ये येऊन डोकावायचा. त्याने विचारलं की ही घातांकाची भानगड मला शाळेत कधी कळली नव्हती, म्हणजे काय असतं ते. वन्संनी हातातलं काम थांबवून त्याला समजावलं. तो हो हो म्हणाला आणि चहा करायला गेला. त्याला कळलं नाही हे दोघींनाही कळलं.

राहिली आकृती. त्रिकोण काढायचं मॉड्यूल तर पोटात मावणारं नव्हतं, ते फार मोठं होतं. ते नसेल तर आकृतीच्या जागी काय छापायचं यावर दोघींचा वाद झाला. वहिनी म्हणत होती की मंडळ प्रत्येक आकृतीचं शब्दांत वर्णन देतंच, तेच गुपचूप छापू.

"गुपचूप काही नाही," वन्सं म्हणाल्या. "नसेल तर नसेल, पण सांगायचं. छापणाऱ्याला विचारायचं, वाचणाऱ्याला सांगायचं."

ते वहिनीला पटलं. आता स्क्रिप्ट सुरू झाली की आधी आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते साध्या भाषेत सांगायची. घंटी नाही, चालेल. ओळींची मांडणी साधी होईल, मजकुरात फरक नाही. आकृती काढता येणार नाही, वेळ आली की विचारीन. आणि कधीही न पाहिलेली खूण समोर आली तर गाळायची नाही. पान, ओळ, खूण सांगून तिथेच थांबायचं.

यानंतर वहिनीने जे केलं त्याला व्यवस्थापक छळ म्हणायचे. तिने कोऱ्या संगणकावर स्क्रिप्ट चालवली. सगळी मॉड्यूलं असलेल्या संगणकावर चालवली. मग एकेक मॉड्यूल काढून, दोन दोन काढून, उलटसुलट करून चालवली, आणि दर वेळी वन्संनी पानं वाचून बघितली. काहीच नसताना ती नीट चालत होती, सगळं असताना नीट चालत होती, आणि अर्धवट असताना एकदा धाडकन पडली. आकृतीचं मॉड्यूल जागेवर होतं, पण ते स्वतः ज्या दुसऱ्या तुकड्यावर उभं होतं तोच नव्हता. वहिनी म्हणाली की घरात माणूस आहे, पण त्याचा पाय मोडलाय. मग तिने स्क्रिप्टला आणखी एक गोष्ट शिकवली. मॉड्यूल नुसतं आहे म्हणून भुलायचं नाही, त्याला एक छोटी रेघ काढायला लावायची. काढली तर आहे म्हणायचं, नाहीतर नाही. एवढं झाल्यावर वन्संनी शेवटचा गठ्ठा वाचला, पानं बाजूला ठेवली आणि बोटं चोळत म्हणाल्या की आता मला अभ्यास करू दे, परीक्षा माझी आहे.

दुसऱ्या चाचणीला मंडळाची तीन माणसं आली होती. स्क्रिप्टने आपली यादी सांगितली, हे आहे, हे नाही, हे चालेल. यंत्र धडधडलं. अधीक्षकबाईंनी ब्रेल जाणणाऱ्या एका शिक्षकांकडून पानं तपासून घेतली. ते प्रत्येक ओळीला मान डोलवत गेले. शेवटी बाईंनी वहिनीला विचारलं की हे सगळं नसतानाही चालतं, तर असण्याचा उपयोग काय.

"असलं तर पानं देखणी येतात, आकृत्या येतात," वहिनी म्हणाली. "नसलं तरी गणित तेच राहतं."

बाईंनी सही केली. मग एक गोष्ट त्यांनी अवघडून सांगितली. परीक्षार्थींमध्ये वहिनीची नणंद आहे हे अर्जावरून दिसत होतं, तेव्हा परीक्षेच्या दिवशी वहिनीला छपाईच्या खोलीत येता येणार नाही. स्क्रिप्ट मीच चालवीन, त्या म्हणाल्या. वहिनीने मान हलवली. घरी येताना बसमध्ये तिच्या लक्षात आलं की आपण पहिल्यांदाच असं काही केलंय, जे आपल्यावाचून चाललं पाहिजे.

परीक्षेचा पहिलाच पेपर गणिताचा होता आणि त्या सकाळी दादाने रजा टाकली होती. वन्सं नव्या कडक साडीत, ब्रेलर मांडीवर धरून रिक्षात बसल्या होत्या आणि वाटभर कुणाशी बोलल्या नाहीत. केंद्राच्या दारात त्यांनी वहिनीचा हात धरला, दाबला आणि सोडला. मग काठी टेकत आत गेल्या.

छपाईची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. तिच्या बंद दारापासून थोडं दूर एक लाकडी बाक होता, त्यावर वहिनी आणि दादा बसले. आत पाकीट फोडल्याचा, खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. वहिनी कान देऊन बसली होती. आत्ता स्क्रिप्ट आपली यादी सांगत असेल, घंटी नाही, चालेल. आणि यंत्र सुरू झालं. भिंत थरथरली, बाक थरथरला. दादाने तिच्याकडे बघितलं, तिने नुसती मान हलवली.

ती त्या आवाजावरून पान ओळखत होती. शब्दांची ओळ असली की सलग खडखड, गणित असलं की थांबून थांबून. पहिलं पान गेलं. पुढचं गेलं. आणि मध्येच यंत्र थांबलं.

पान संपल्यावर थांबतं तसं नाही. मध्येच. दादाने हळूच विचारलं, कागद अडकला का? तिने बोट ओठावर ठेवलं, जणू बोलल्याने आत काही बिघडणार होतं. उठून दार ठोठावावं, नुसतं विचारावं, असं तिला इतकं वाटलं की तिने बाकाची कड घट्ट धरली. दारात उभा असलेला पहारेकरी समोर बघत होता. आत कुणीतरी काहीतरी वाचत होतं, शब्द कळत नव्हते.

आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. खडखड, सलग, शब्दांच्या ओळी. मग गणिताची ठेचकाळती चाल. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान, आणि मग शेवटचा लांब आवाज, यंत्र कागद बाहेर ढकलतं तेव्हा करतं तो. पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण प्रती एकापेक्षा जास्त होत्या. वहिनीने बाकाची कड सोडली तेव्हा तिच्या तळव्यावर लाकडाचे वळ उठले होते. ती दादाच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती की रडत होती हे त्यालाही सांगता आलं नाही. त्याने तिला थोपटलं आणि पहारेकऱ्याला उगाचच सांगितलं, ही माझी बायको, आत हिचंच चाललंय.

अधीक्षकबाई पेपरांचा गठ्ठा घेऊन बाहेर आल्या, त्यांच्याजवळून परीक्षेच्या खोलीकडे गेल्या. नियमाप्रमाणे एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त जाताना वहिनीकडे बघून डोळे मिटून उघडले.

बाकीचं त्यांनी पेपर संपल्यावर सांगितलं. तिसऱ्या पानावर त्रिकोण होता. स्क्रिप्ट थांबली आणि तिने पडद्यावर विचारलं, 'आकृती काढता येत नाही, कारण ते मॉड्यूल या संगणकावर नाही. मंडळाने दिलेलं आकृतीचं वर्णन छापू का? तसं पानावर नोंदवीन.' बाईंनी वर्णन मूळ पेपराशी ताडून बघितलं आणि हो म्हटलं.

"तुम्हाला बाहेर बसवलं होतं," त्या म्हणाल्या, "तरी मला काही विचारायला तुमच्याकडे यावं लागलं नाही. तिने मला विचारलं."

वन्सं सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. पर्यवेक्षक त्यांच्याबरोबर ब्रेलर उचलून आले होते आणि कौतुकाने सांगत होते की या बाईंनी तीनदा जादा कागद मागितला. वन्संचे केस विस्कटले होते, बोटांची टोकं लाल झाली होती. दादाने कसा गेला म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या की बरा गेला. मग दोन पावलं चालून थांबल्या.

"सगळे कंस होते," त्या म्हणाल्या. "मी प्रत्येकावरून दोनदा बोट फिरवलं. गरज नव्हती, तरी फिरवलं."

निकाल लागला तेव्हा त्या दोघी छापखान्यात होत्या. वन्संचा फोन त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा, पण इतक्या भरधाव वेगाने की बाकीच्यांना तो नुसता कुरकुराट वाटायचा. वहिनी आणि व्यवस्थापक दोन बाजूंनी वाकले होते आणि दोघांनाही एक अक्षर कळत नव्हतं. फोन थांबला. वन्सं थांबल्या. वहिनीला शेवटी विचारावं लागलं, काय म्हणाला? वन्संनी मुद्दाम आणखी थोडं थांबून सांगितलं की सगळ्यांत पास, आणि गणितात दादाच्या मार्कांच्या वर.

व्यवस्थापक, ज्यांना जिना उतरतानाही दम लागायचा, ते धावत रस्त्यावर गेले. दादाची बस दुपारी त्याच रस्त्याने जायची. ती वळणावरून दिसताच ते दोन्ही हात वर करून मध्येच उभे राहिले. दादाला वाटलं काहीतरी भयंकर झालंय. त्याने बस कडेला लावली, उडी मारून उतरला, आणि समोर वहिनीचा हात धरून आलेली बहीण बघून जागीच थबकला. तिचं तोंड बघितल्यावर त्याला कुणी काही सांगावं लागलं नाही. त्याने भर रस्त्यात बहिणीला उचलून घेतलं. ती चाळिशीची बाई, मला खाली ठेव रे म्हणत होती आणि तो ठेवत नव्हता.

बसमधून लोक डोकावत होते. कंडक्टरने पुढच्या बाकावरच्या आजोबांना सांगितलं, ड्रायव्हरची बहीण गणितात पास झाली. आजोबांनी ते मागे सांगितलं, मागच्यांनी त्याच्या मागे, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेतो ती गणितात पहिली आली होती. मागून टाळ्या सुरू झाल्या आणि पुढे आल्या.

"पहिली नाही हो," वन्सं खिडकीकडे तोंड करून ओरडून सांगत होत्या, "नुसती पास!"

कुणी ऐकलं नाही. वहिनीही टाळ्या वाजवत होती.